पुंडलिकरावांच्या हातातला मीटर

मी एक मीटर आहे. मीटर म्हटलं की लोकांना घरात भिंतीवर बसून विजेचं बिल वाढवणारा मीटर आठवतो. तो मी नव्हे. माझं काम साधं आहे. वीज कुठवर पोहोचली आणि कुठं अडली, एवढं मी सांगतो. माझं अंग काळं, तोंडाला काच, काचेमागं एक बारीक काटा आणि पोटात एक सेल. दोन वायरी आहेत मला, एक लाल, एक काळी. वायरींच्या टोकाला पिना. ते माझे हात समजा.

माझा जन्म मुंबईकडच्या एका कारखान्यात झाला. तिथलं फारसं आठवत नाही. एका बाईनं फुंकर मारून माझ्या काचेवरची धूळ उडवली होती, तेवढं आठवतं. मग खोक्यात बसून आगगाडीनं आलो तो थेट भंडारा जिल्ह्यात, एका बसच्या आगारात. एकाहत्तरची लढाई होऊन गेली होती. इथून नाकाडोंगरीला, सिहोऱ्याला, चिखल्याच्या खाणीकडं लाल गाड्या सुटायच्या. रस्ते कच्चे, गाड्या जुन्या, आणि जुन्या गाडीची वीज म्हणजे म्हाताऱ्या माणसाची झोप. कधी तुटेल, नेम नाही.

आल्यावर बरेच दिवस मी कपाटातच होतो. मला वापरायचं कसं, कोणाला ठाऊक नव्हतं. एक दिवस पुंडलिकरावांनी खोकं उघडलं.

पुंडलिकराव मूळचे सिहोऱ्याचे, धानाच्या शेतीतले. आगारात गाड्यांच्या विजेचं काम करायचे. त्यांनी मला लगेच गाडीला लावलं नाही. माझ्यासोबतचा कागद कोणाकडून तरी वाचून घेतला. मग माझ्या दोन्ही पिना आपल्याच दोन्ही हातांच्या चिमटीत धरल्या. माणसाच्या अंगातूनही थोडी वीज जाते. हात कोरडा असला तर कमी, ओला असला तर जास्त. माझा काटा जरासा उठला, थरथरला.

"जागा हाय गा हा," ते म्हणाले.

तेव्हापासून रोज सकाळी कामाला लागायच्या आधी ते मला असंच धरायचे. पावसाळ्यात, धानाच्या रोवणीच्या दिवसांत त्यांचा हात भिजून मऊ झालेला असे, तेव्हा माझा काटा वर जाई. उन्हाळ्यात हाताला भेगा पडत, तेव्हा काटा नुसता हले. वर्षाचा कोणता महिना चालू आहे, हे मला त्यांच्या हातावरून कळायचं.

त्यांच्या हाताखालचा कवडू हसायचा. "पुंडलिकभाऊ, मीटरले चहा बी पाजत जा ना. सकाळी सकाळी हात जोडून राहिले त्याच्यासंगं."

"तू नाई जोडत नं कोणासंगं, म्हनून तुह्या गाड्या वाटेत बसते," पुंडलिकराव म्हणायचे. रागानं नाही. ते रागावत नसत.

त्यांचं काम सावकाश असे. एकदा चिखल्याची गाडी सुटायची होती. आत खाणीतले कामगार, बाजार करून परतणाऱ्या बाया, टोपल्या, कोंबड्या. गाडी चालूच होईना. ड्रायव्हर गोपीचंद खाली उतरून ओरडला, "बॅटरी मेली जी! बदला अन् सोडा एकदाची."

पुंडलिकरावांनी माझ्या पिना बॅटरीला लावल्या. माझा काटा पुरता वर गेला. मग काळी पीन त्यांनी गाडीच्या लोखंडाला टेकवली. काटा खाली पडला.

"बॅटरी जिती हाय, गोपीचंद. वाट तुटली हाय."

खिडकीतून एका म्हातारीनं डोकं काढलं. रंभाबाई तिचं नाव. दर बाजारी यायची. "डॉक्टर होय का व हा? नाडी पाहून राहिला नं गाडीची!"

"नाडीच होय, माय. बस, आता चालते," पुंडलिकराव गाडीखालून म्हणाले. बॅटरीपासून लोखंडाला जाणाऱ्या तारेवर चिखल बसून आतून गंज चढला होता. त्यांनी तो घासून काढला. गाडी पहिल्या झटक्याला चालू झाली. रंभाबाईनं जाता जाता खिडकीतून एक पेरू त्यांच्याकडं टाकला. त्यांनी अर्धा कवडूला दिला.

असे दिवस होते. मला वाटायचं, असेच राहतील.

मग पुंडलिकरावांना बढती मिळाली. ते सुपरवायझर झाले. गाड्यांचे दिवे, डायनामो, हॉर्न, स्टँडवर गाड्यांची नावं पुकारणारा भोंगा आणि त्याचं मशीन, विजेचं जे जे असेल त्याची दुरुस्ती आता त्यांच्या देखरेखीत. दाराजवळ टेबल मिळालं, खुर्ची मिळाली. गोदावरीबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, सगळ्यांसाठी पेढे पाठवले. सगळे आनंदात. मीही.

दुसऱ्या दिवशी ते पांढरा शर्ट घालून आले. मला उचललं, काच शर्टाच्या बाहीनं पुसली, आणि कवडूच्या हातात दिलं.

"आजपासून हा तुह्याजवळ."

"अन् तुमी?"

"मी पाहीन."

तेव्हा मला उमगलं. सुपरवायझरनं हत्याराला हात लावायचा नाही, अशी आगाराची रीत होती. कामगाराच्या हातातलं काम साहेबानं ओढून घेतलं, तर कामगारानं करायचं काय? रीत वाईट नव्हती. पण त्या रीतीत माझं काय झालं, ते कोणाला विचारावंसं वाटलं नाही. मी वस्तू, मला कोण विचारणार.

कवडू वाईट माणूस नव्हता, घाईचा होता. सकाळी मला धरून पाहणं वगैरे त्याला जमत नसे. माझी मापाची कळ छोट्या आकड्यावर ठेवून मला मोठ्या विजेला लावायचा, माझा काटा जाऊन टोकाच्या खिळीवर आपटायचा. तेवढा बारीक आवाज, पण दाराजवळच्या खुर्चीत पुंडलिकरावांची मान वळायची. उठायचे नाहीत. नुसतं म्हणायचे, "कवडू, आधी मोठ्या आकड्यावर ठेव बापा. मंग उतर."

मी त्यांना रोज पाहायचो. मधे दहा पावलंही नव्हती. गावातल्या गावात लेक दिल्यासारखं झालं होतं माझं. माहेर दिसतं, जाता येत नाही.

एकदा गोदावरीबाई डबा घेऊन आल्या. पुंडलिकराव स्टँडवर गेले होते. त्या कवडूला म्हणाल्या, "कवडूभाऊ, तुमच्या साहेबाले समजवा जी काही. घरचा रेडिओ चांगला चालता, सारा खोलून मांडला खाटीवर. मी म्हटलं, काहून खोलता? त म्हणते, हात खाजवून राहिले."

"मंग? लागला का परत रेडिओ?"

"लागला नं. दर ऐतवारी खोलते, दर ऐतवारी लावते. मले गाणे सोमवारीच आयकाले भेटते."

कवडू खो खो हसला. त्याच्या शेजारी भोजराज काम करायचा, तोही हसला. मी टेबलावर होतो. मला हसता येत नाही, आणि येत असतं तरी हसलो नसतो.

मग ती शिवरात्र आली. गायमुखच्या यात्रेची गर्दी. जादा गाड्या लागलेल्या, स्टँडवर माणसांचा पूर. आणि नेमका तेव्हाच भोंगा मुका झाला. कोणती गाडी कुठं लागली, समजायला मार्ग नाही. लोक एका गाडीकडून दुसरीकडं धावत होते. पोरं हरवत होती. एक बाई रडत होती, तिची सासू भलत्याच गाडीत बसून निघून गेली होती.

कवडूनं भोंग्याचं मशीन उघडलं. त्या मशीनमध्ये वीज जोराची असते. घामानं त्याचा हात ओला झाला होता, माझ्या पिना घसरत होत्या. तो इथं लाव, तिथं लाव करत होता. काही सापडेना.

पुंडलिकराव गर्दीतून वाट काढत आले. वाकून पाहिलं. मग त्यांचा हात पुढं आला, माझ्याकडं. बोटं माझ्या काचेपासून वीतभर होती.

कवडू म्हणाला, "घ्या साहेब. तुमीच करा."

भोजराज मागंच उभा होता. थट्टेनंच बोलला तो, पण बोलला. "करा जी साहेब. आमी बसतो झाडाखाली चिवडा खात. पगार मात्र आमाले द्या."

चार माणसं हसली. हात तिथंच थांबला. मग मागं गेला. पुंडलिकरावांनी दोन्ही हात पँटीच्या खिशात घातले, असे खोल घातले, की जणू कोणी आतून धरून ठेवले असावेत.

"कवडू, डावा हात तुह्या खिशात टाक. एकाच हातानं काम कर, म्हणजे झटका छातीतून जाणार नाई. हां. काळी पीन मशीनच्या डब्याले अडकव. आता लाल जिथून वीज येते तिथं लाव. आली?"

"आली जी."

"पुढं सरक. आली?"

"आली."

"अजून पुढं. घाई नोको."

माझा काटा एका जागी खाली पडला.

"गेली जी!"

"आता तूच सांग मले. कायले गेली?"

कवडू वाकला. बघत राहिला. लोकांचा गलका चालूच होता, पण तो पहिल्यांदा थांबून बघत होता. "डाग सुटला जी तारेचा," तो हळूच म्हणाला.

वीज बंद करून त्यानं कथील वितळवून तारेला नवा डाग दिला. भोंगा खाकरला आणि बोलू लागला. स्टँड एकदम शांत झालं, मग सगळे आपापल्या गाडीकडं चालू लागले. कवडूनं वर पाहिलं, तर पुंडलिकराव केव्हाच निघून गेले होते.

त्या दिवसापासून माझा काटा खिळीवर आपटला नाही. कवडूचा हात पुंडलिकरावांच्या हातासारखा चालू लागला. लोक म्हणायचे, कवडू तयार झाला. तो कोणाच्या थांबलेल्या हातानं तयार झाला, ते मी वीतभरावरून पाहिलं होतं. पण खरं सांगतो, हात सारखा असला तरी तो हात नव्हता.

वर्षं गेली. पुंडलिकरावांचे केस पिकले, सेवा संपत आली. आगारात नवा मीटर आला होता. त्याला काटा नाही, काचेवर आकडेच उमटतात. निरोपाच्या दिवशी हार-नारळ झाल्यावर मोठे साहेब म्हणाले, "पुंडलिकराव, तो जुना मीटर घेऊन जा. आठवण म्हणून."

माझ्या मनात काय झालं, ते कोणत्या आकड्यात सांगू?

पुंडलिकरावांनी मला टेबलावरून उचललं. इतक्या वर्षांनी. हात हलका झाला होता.

"बिघडला असन त नेतो जी," ते म्हणाले, "पाहू द्या."

त्यांनी एका चांगल्या बॅटरीला मला लावलं. त्या क्षणी जन्मात पहिल्यांदा वाटलं की खोटं बोलावं. काटा जरा अडखळावा, अर्ध्यात थांबावा, बस. पण काटा माझा असला तरी माझ्या ताब्यात नाही. तो सरळ गेला आणि बॅटरीत जेवढी वीज होती तेवढ्यावर उभा राहिला.

पुंडलिकरावांनी पिना काढून वायरी गुंडाळल्या.

"अजून खरं सांगते हा," ते म्हणाले. "कामाचा हाय. कामाच्या मानसाले घरी नेऊन बसवू का? नाई जी. कवडू, ठेव."

आणि ते सिहोऱ्याच्या गाडीत बसून गेले. त्या गाडीचे दिवे आम्हीच सकाळी तपासले होते.

पुढं कवडूनं मला वापरलं, नव्या मीटरवर त्याचाही विश्वास बसायला वेळ लागला. मग एका पावसाळ्यात माझ्या आतली बारीक तार तुटली. काटा पडला तो उठलाच नाही. आता मी खालच्या खणात आहे. सोबतीला जळके हॉर्न आणि फुटके दिवे आहेत. कवडू कधीतरी खण उघडतो, माझ्याकडं पाहतो, बंद करतो. मला मोडीत घालायला त्याचं मन होत नाही.

मला दुःख नाही, बरं का. उलट हे वाचणाऱ्या तुम्हाला एक विनंती आहे. तुमच्यापैकी कोणी सिहोऱ्याकडं जात असेल, तर बोडीच्या पाळीला, म्हणजे तळ्याच्या बांधाला लागून एक कवेलूचं, कौलारू घर आहे. अंगणात एक म्हातारा बसलेला असेल, बहुतेक काहीतरी खोलून बसला असेल. त्यांना माझा नमस्कारही सांगू नका. एवढंच सांगा, "पुंडलिकराव, मीटर बिघडला."

ते लगेच चप्पल शोधतील.