फेक्लाची शिवण

शिवणीत बाईचा केस सापडला, असं मुकादम म्हणाला आणि साऱ्या गावानं ते गपकन गिळलं.

गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. फेक्लानं शिवलेली, तिघांना बसायला तीन भोकं असलेली कातडी होडी भर समुद्रात फाटली. पुढच्या भोकात तिचा सख्खा भाऊ सावा होता, मागच्यात गावातलाच येमेल्यान, आणि मधल्यात पाणमांजरांच्या शिकारीवर नजर ठेवायला बसलेला रशियन मुकादम प्रोखोर. वल्हवणारे दोघे बुडाले. बसून राहिलेल्याला दुसऱ्या होडीनं उचललं. शिवणीत बाईचा केस अडकला की ज्याच्या कातड्याची होडी, तो समुद्रसिंहच ती फोडतो, हे बेटावरच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. मुकादम इतकी वर्षं बेटावर राहून तेवढं मात्र बरोबर शिकला होता. बुडणारा माणूस केस कधी शोधत बसला, हे त्याला एकानंही विचारलं नाही.

तेव्हापासून फेक्लाला सुईला हात लावू देत नव्हते. आणि आता तिच्या नवऱ्याच्या, तेरेंतीच्या होडीचं कातडं लुकेऱ्यामावशीच्या घरी शिवलं जात होतं. परवा निघायचं होतं. मधल्या भोकात पुन्हा प्रोखोरच.

फेक्ला लेकीला पाठीशी बांधून मावशीच्या दारात उभी राहिली, तशा आतल्या बायकांनी ओली कातडी जवळ ओढली.

"लांब हो गं," मावशी म्हणाली. "डोकं तरी झाकून यायचं."

"झाकलंय की. मुंडण करून येऊ?"

"त्यापेक्षा जिभेला दोन टाके घाल."

बायका फिदीफिदी हसल्या. फेक्लाच्या कानशिलांत आग उठली. पाठीवरच्या पोरीनं तिची मान मुठीत धरली होती, म्हणून ती नुसतीच वळली.

तेरेंती किनाऱ्यावर वल्हं तासत होता.

"तुलाही वाटतं माझा केस होता?"

"मला काय वाटतं, त्याला कोण विचारतंय?"

"मी विचारतेय. तू त्यांच्या मागच्याच होडीत होतास. किती दिवस पाण्यात ठेवलं तुम्हाला?"

"दिवस कोण मोजतं!"

"तू मोजतोस. मी पोटुशी होते म्हणून दोरीला गाठी मारत होतास. परत आल्यावर मलाच दाखवल्यास."

त्यानं तासणं थांबवलं. "अकरा," म्हणाला. "आम्हाला एकदा तरी किनारा मिळाला. सावाची होडी प्रोखोरनं टेकवूच दिली नाही. शिकार निसटेल म्हणाला."

पाचव्या दिवशी होडी वर ओढायची, कातडं वाळवायचं, चरबी चोळायची. नाहीतर ते भिजल्या भाकरीसारखं होतं. हे सगळ्यांना माहीत होतं. तेरेंतीलाही!

फुटक्या होडीचा सांगाडा गावानं परत आणला होता, कारण बेटावर लाकूड उगवत नाही. कातडं मात्र अपशकुनी म्हणून खडकामागे टाकलं होतं. ते फेक्लानं फरफटत गावाच्या मधोमध आणलं, पोरीला मांडीवर घेतलं आणि सुरीच्या टोकानं स्वतःची शिवण उसवायला बसली. दुहेरी शिवण, पाणी शिरू नये म्हणून एकही टाका कातड्याच्या आरपार न गेलेला. एका हिवाळ्याचं काम होतं ते.

माणसं जमली. जवळ कुणी येईना.

"काय तमाशा चाललाय?" प्रोखोर आला.

"तुमचा केस शोधतेय, मुकादम. कुठं पाहिलात? पुढं की मागं? सांगा म्हणजे वेळ वाचेल."

"खुळी झालीस तू."

"मग शोधू द्या खुळीला."

पोर भुकेनं किंचाळायला लागली. फेक्लानं तिला अंगरख्याआड घेतलं, आणि उसवणं थांबलं. तेव्हा लुकेऱ्यामावशी गर्दीतून पुढे आली, कुरकुरत खाली बसली आणि तिच्या हातातली सुरी काढून घेतली.

"तू पाज तिला. मी बघते."

म्हातारी टाका उघडायची, बोट फिरवायची, पुढचा उघडायची. दुपार झाली. मग तिनं कातडं उलटं केलं आणि फाटलेली जागा सगळ्यांसमोर धरली.

"केस नाही. आणि हे बघा, शिवणीपासून वीतभर लांब फाटलंय. टाके सगळे जागच्या जागी. भिजून भिजून कातडंच गेलंय." तिनं फेक्लाकडे पाहिलं नाही. "मी आधीच बघायला हवं होतं."

"झालं?" प्रोखोर म्हणाला. "परवा निघायचंय. उठा."

"पाचव्या दिवशी किनारा," तेरेंती मागून म्हणाला. "नाहीतर मी बसत नाही."

"बंदूक पाहिलीयस ना?"

"पाहिली. ती वल्हं मारते का?"

कुणीतरी हसलं. आणखी दोघांनी आपापली वल्ही वाळूत टाकली. प्रोखोरनं सगळ्यांकडे आळीपाळीनं पाहिलं, थुंकला. "पाचव्या तर पाचव्या," म्हणत चालता झाला.

लोकांनी श्वास सोडला. तेरेंती हसतच बायकोजवळ आला. तिनं पोरीला मावशीच्या ओटीत ठेवलं, उठली आणि दोन्ही मुठी त्याच्या छातीवर हाणल्या.

"एवढंच होतं? एवढं एकच वाक्य? मग गेल्या वर्षी का नाही बोललास?"

ती पुन्हा खाली बसली, मावशीकडून सुरी घेतली आणि सावाच्या भोकाकडची उरलेली शिवण उसवू लागली.