आस्गेरमामाने लावलेली केबल

बसा सगळे, आणि मध्ये कोणी बोलू नका, एकदा थांबले तर पुढचं माझ्याच्याने सांगवणार नाही.

माझा आस्गेरमामा तुम्हाला माहितीये, शाळेत भूगोल शिकवायचा तो, आणि त्याचं ते वेडही माहितीये. स्टिरिओच्या अँपला, म्हणजे आवाज वाढवणाऱ्या मशीनला, भिंतीतून वीज आणणारी केबल असते ना, साधी, कोणी ढुंकून बघत नाही अशी, ती तो घरी करायचा. स्वयंपाकघराच्या टेबलावर, राय पावाच्या चुऱ्यात बसून, तांब्याच्या तारा वळायच्या, त्यांची वेणी घालायची, वरून काळी जाळी चढवायची. आणि त्याचा जिवलग दोस्त व्हिलाड्स, दातांचा डॉक्टर, तो नेहमी विकतची आणायचा. जर्मनीहून. बागेतल्या पाइपाएवढी जाड, मखमलीच्या पेटीत, लग्नातला हार असावा तशी!

दर रविवारी दुपारी व्हिलाड्सच्या तळघरात दोघांची जुंपायची. व्हिलाड्स माझ्याकडे बोट करून म्हणायचा, "तुझी ती वेणी सिग्नेच्या केसांत शोभेल रे, माझ्या अँपला नको." मामा म्हणायचा, "आणि तुझ्या त्या पेटीत लोकांचे उपटलेले दात ठेव." वरून रिग्मोर, व्हिलाड्सची बायको, ओरडायची, "अरे म्हाताऱ्यांनो, गाणं ऐकताय की वायर?" आणि दालचिनीचे रोल घेऊन मी जिना उतरायची. मजा यायची हो. खरंच यायची.

पण मामा एका गोष्टीवरून मात्र चिडायचा, ती नीट ऐका. त्या जर्मन केबलचा प्लग आपल्या देशातल्या सॉकेटात बसतो, घट्ट बसतो, गाणंही वाजतं. पण त्याच्या अर्थिंगच्या पट्ट्या कडेला असतात आणि आपलं अर्थिंगचं भोक खाली. म्हणजे अर्थिंग कुठे टेकतच नाही. मामा त्याला शंभरदा सांगायचा, "अरे, मशीनच्या पत्र्यात वीज उतरली तर ती जाणार कुठून? तुझ्यातून?" व्हिलाड्स हसायचा, "तेवढीच माझी करमणूक."

मग व्हिलाड्सच्या वाढदिवसाला मामाने त्याला स्वतःची केबल दिली, आपल्याकडचा प्लग लावून. बिचाऱ्याने मैत्रीखातर लावली. आणि मधूनच फ्यूज उडायला लागला! गाणं रंगात आलं की फट्, सगळं तळघर अंधारात. व्हिलाड्स खवळला. "तुझी केबल फ्यूज खाते. विकतची लावली की काही होत नाही." मामा म्हणाला, "केबल नाही, तुझा अँप बिघडलाय. आत कुठेतरी वायर पत्र्याला लागतेय, आणि माझी केबल ती वीज जमिनीत नेते म्हणून फ्यूज उडतो. उघडून घे." "हरलास की कारणं सांग." असं.

शेवटी ठरलं, कानानेच निकाल लावायचा. व्हिलाड्सच्या डोळ्यांवर रिग्मोरचं भांडी पुसायचं फडकं बांधलं, मामा अँपमागे गुडघ्यांवर बसला, आणि केबल बदल, तीच रेकॉर्ड लाव, पुन्हा बदल, असं चाललं. मी रोल खात समोर बसले होते, मला मामाची फक्त पाठ दिसत होती. आणि एकदम व्हिलाड्स खुर्चीतून उठलाच, फडक्यासकट! "हीच! हीच आस्गेरची! अरे लबाडा, आवाज बघ कसा मोकळा झालाय. हरलो, बाबा, हरलो. आता ही काढायचीच नाही." मामा कानापर्यंत लाल झाला. म्हणाला, "बरोबर." एवढंच. रिग्मोरसुद्धा टाळ्या वाजवत जिन्यापर्यंत आली होती.

दुसऱ्या दिवशी व्हिलाड्स गेला.

सकाळी, अनवाणी, एक हात अँपवर आणि दुसरा हीटरच्या लोखंडी नळीवर. रिग्मोरला तसाच सापडला. घर जुनं, वीज गळली की आपोआप बंद होणारा स्विच त्यांनी बसवलेलाच नव्हता. इलेक्ट्रिशियन आला, त्याने तळघराचा फ्यूज काढून घेतला. रिग्मोर त्याला म्हणाली, "घरी केलेली केबल होती." त्याने नुसती मान हलवली. झालं. संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला माहीत, की मास्तरच्या केबलने डॉक्टर मेला. बेकरीत मामा आत गेला की लोक गप्प व्हायचे. आणि मामा? दार लावून घरात.

रिग्मोरने मला बोलावलं. तिचे ओठ पांढरे पडले होते. म्हणाली, "पोरी, तुझ्या मामाची ती दोरी घेऊन जा. माझ्या घरात नको." मी टॉर्च घेऊन खाली गेले, अँपमागे वाकले, आणि बघते तर काय, मामाची केबल तिथे फळीवर, नीट गुंडाळून ठेवलेली! अँपला होती ती जाडी, जर्मन, विकतची!

मी काय पळाले! रिग्मोरला काही न सांगता, वाऱ्यात, केबल गळ्यात अडकवून, बंदरावरून सरळ मामाच्या दारात. मला वाटलं, सुटला! माझा मामा सुटला!

तो टेबलाशी बसून पक्कडीने स्वतःच्या सगळ्या केबली तोडत होता. बोटाएवढे तुकडे. मी ओरडले, "मामा, तुझी नव्हती! त्याचीच होती, विकतची!"

"ठाऊक आहे," तो म्हणाला. "मीच लावली होती ना."

एक तुकडा बाजूला सारून तो पुढे म्हणाला,

"तो 'हीच आस्गेरची' म्हणाला, तेव्हा त्याचीच चालू होती. इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून माझ्या कामाला पहिल्यांदा चांगला शब्द आला, सिग्ने. मला तो परत देववेना. म्हटलं, पुढच्या रविवारी सांगू, पोट धरून हसू."

"पण तो प्लग, मामा... तूच तर म्हणायचास..."

"आठवलं होतं." पक्कड पुन्हा चालली. "तेव्हाच आठवलं होतं. म्हटलं, एक आठवड्याने काय होतंय."

मी रडून त्याला म्हटलं, नको सांगू कोणाला, गप्प बस, मी ही तुझी पुन्हा अँपला लावून येते, लोक केबललाच दोष देतील, तू काय केलंस ते कळणार नाही. हो, असं म्हटलं मी! त्याने माझ्या गळ्यातून केबल काढली, कोट घातला आणि निघाला. मी मागे.

रिग्मोरने दार उघडलं. मामाने पायरीवर उभं राहूनच सगळं सांगितलं, अगदी ते लाल होणंसुद्धा. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे तो मरेपर्यंत तुझंच कौतुक करत होता? रात्री जेवतानासुद्धा तेच. आस्गेर जिंकला, आस्गेर जिंकला."



"तुझी केबल वाईट निघाली असती ना," रिग्मोर म्हणाली, "तर मी तुला कधीतरी माफ केलं असतं."

आणि तिने दार लावलं. जोरात नाही, हळूच, आत कोणी झोपलेलं असावं तसं. केबल मामाच्या हातातच होती. तो तिथेच पायरीवर उभ्याउभ्या ती गुंडाळत राहिला, पुन्हा सोडायचा, पुन्हा गुंडाळायचा, आणि मी घरी चल म्हटलं तर माझ्याकडे बघेचना.