नवव्या हिरवळीचा उतार

"हरिबा! अरे हरिबा! ते खुरपं ठेव आधी खाली!"

विष्णुपंत धोतराचा सोगा हातात धरून माळावरून पळत येत होते. साताऱ्याच्या गोल्फ क्लबाचा हा कारकून पळू शकतो, हे हरिबा पिसाळनं वीस वर्षांत पहिल्यांदाच पाहिलं. पंतांच्या दुसऱ्या हातात नुकताच टंकलेला कागद फडफडत होता.

"काय झालं वं पंत? ढोरं शिरली का मैदानात?"

"ढोरं कसली! शनिवारच्या सामन्यात तू आहेस. सांगलीकरांच्या विरुद्ध. हे बघ, चौथं नाव!"

हरिबाला अक्षर येत नव्हतं. पंतांच्या बोटाखालच्या काळ्या ठिपक्यांकडं तो बघत राहिला. मग म्हणाला, "पंत, गरिबाची चेष्टा करताय व्हय?"

चेष्टा नव्हती. दर सोमवारी पंतांचं साप्ताहिक पत्रक क्लबाच्या व्हरांड्यात लागे. शनिवारी कोण जिंकलं, चहाला कुणी काय केलं होतं, कुणाची मुलगी मॅट्रिक झाली, कुणाच्या घरी पाळणा हलला, सगळं त्यात असे. त्यात हरिबाचंही काम असे, पण नावाशिवाय. 'हिरवळी उत्तम स्थितीत आहेत', एवढंच. स्वातंत्र्य येऊन चार महिने झाले होते. साहेब लोक सामान बांधून गेले होते आणि क्लबात उरले होते जेमतेम बावीस सभासद. त्यांतले खेळणारे चार. त्या चारांतले दातांचे डॉक्टर रविवारी शिडीवरून पडले आणि मनगट मोडून बसले.

क्लबाचे कप्तान लालासाहेब, उंब्रजकडचे मोठे बागायतदार. त्यांनी मिशीवरून हात फिरवला आणि निकाल दिला, "हरिबाला घ्या. पहाटे एकटा खेळतो तो. मी बघितलाय."

साहेबांनी टाकून दिलेली एक वाकडी काठी हरिबानं ठोकून सरळ केली होती. दव वाळायच्या आधी तो चार फटके मारून बघे. चेंडू कुठं अडतो, कुठं पळतो, ते कळल्याशिवाय गवत कुठं कापायचं हे कसं कळणार? त्याला वाटे, हे कुणाला ठाऊक नाही.

मग त्या आठवड्यात क्लबाचं वारंच फिरलं. शनिवारच्या चहाला कुणी चिवडा करायचा आणि कुणी चिरोटे, यावर सभासदांच्या बायकांत दोन बैठका झाल्या. सांगलीकरांनी सहा वर्षं अडवून ठेवलेली चांदीची ढाल यंदा परत आणायचीच, असं लालासाहेब भेटेल त्याला सांगत सुटले. व्हरांड्यातल्या लाकडी पाटीवर विजेत्यांची नावं सोनेरी अक्षरांत रंगवत. पंत हरिबाच्या कानात पुटपुटले, "जिंकलास तर चार नावांत तुझंही लागेल. पोराबाळांना दाखवशील."

घरी बनुबाईनं ट्रंकेतून त्याचा पलटणीतला कोट काढला, उन्हात टाकला आणि दोनदा झटकला. "मी बघाया येनार," ती म्हणाली.

"बायामानसांचं तिथं काय काम?"

"कुंपणाभाईर उबी ऱ्हाईन. रस्ता काय क्लबाच्या मालकीचा हाय व्हय?"

शनिवारी दुपारी कुंपणाबाहेर अर्धी पेठ उभी होती. माळी खेळणार, ही बातमी पत्रकाच्याही आधी गावभर झाली होती. एक सातारकर आणि एक सांगलीकर अशा चार जोड्या नऊ-नऊ होल खेळणार होत्या; जो कमी फटक्यांत चेंडू खळग्यात घालील, तो होल त्याचा. पहिली जोडी सातारकरांनी घेतली, दुसरी सांगलीकरांनी, तिसरी बरोबरीत सुटली. आता सगळं शेवटच्या जोडीवर आलं.

हरिबासमोर होते सांगलीचे गंगाधरपंत वकील. उंच, सडसडीत, स्वभावानं मोकळे. दर वर्षी सामन्याला येत आणि हरिबाची आवर्जून चौकशी करीत. "आज तुझ्याशीच गाठ, हरिबा!" असं म्हणत त्यांनी हात पुढं केला. हरिबानं आपला हात आधी कोटाला पुसला, मग दिला.

त्याचा पहिला फटका चुकला, चेंडू गवतात शिरला आणि तो होल वकिलांकडं गेला. कुंपणाकडून कुणीतरी ओरडलं, "आरं गड्या, खुरपं न्हाई ते, काठी हाय!" हशा पिकला. हरिबाही हसला आणि त्या हसण्यात त्याची भीती विरून गेली. दुसऱ्या होलला बरोबरी झाली. तिसरा आणि चौथा त्यानं घेतला. प्रत्येक चढ, प्रत्येक दगड त्याच्या ओळखीचा होता. पाचव्यावर चेंडू ओढ्यापलीकडं अलगद उतरला, तेव्हा लालासाहेबांनी फेटा काढून हवेत फिरवला. वकीलही काही कच्चे नव्हते. त्यांनी सहावा घेतला, आठवा घेतला, आणि आठ होल संपले तेव्हा दोघं बरोबरीत होते.

नवव्या होलच्या हिरवळीभोवती माणसांचं कडं पडलं. हरिबाचा चौथा फटका होलच्या काठाशी, चार बोटांवर येऊन थांबला. लोकांच्या तोंडून एकदम 'अरारा' निघालं. पाचव्यात तो आत जाणार, हे ठरलेलंच होतं. वकिलांचे तीनच फटके झाले होते, पण चेंडू सात-आठ हात लांब होता. चौथ्यात आत गेला तर ढाल सांगलीला. चुकला तर बरोबरी, आणि आणखी एक होल.

वकील चेंडूमागं उकिडवे बसले. एक डोळा मिटून त्यांनी अंदाज घेतला. मग वीस वर्षांची सवय होती तसे मागं न बघताच म्हणाले, "हरिबा, उतार कुठं रे?"

आणि हरिबानंही वीस वर्षांच्या सवयीनं सांगितलं, "उजवीकडनं वीतभर धरा, सायेब. उतार दिसाया उजवीकडं दिसतोय, पर पानी डावीकडं व्हातंय."

वकिलांनी वीतभर उजवीकडून चेंडू ढकलला. तो वळत वळत गेला आणि आत पडला.

सांगलीकरांनी आरोळी ठोकली. पण लालासाहेबांचा आवाज तिच्यावर चढला, "थांबा! प्रतिस्पर्ध्याचा सल्ला घेतला! नियमानं हा होल आमचा!"

वकिलांचा चेहरा उतरला. ते सरळ उभे राहिले. "खरं आहे," ते म्हणाले. "माझ्या ध्यानातच आलं नाही. मी विचारलं, म्हणजे माझा होल गेला. हरिबा, तू जिंकलास."

कुंपणाबाहेरून शिट्ट्या झाल्या. विष्णुपंतांनी आनंदानं टोपी उडवली. हरिबा मात्र मान खाली घालून उभा होता.

"सायेब," तो म्हणाला, "तुमी माळ्याला इचारलं. माळ्यानं सांगितलं."

"पण आज तू माळी नाहीस. खेळाडू आहेस."

"व्हय की. म्हनून तर गप बसायचं माज्या हातात व्हतं. न्हाई बसलो."

लालासाहेब जवळ आले. आवाज दाबून म्हणाले, "खुळ्यागत करू नगंस. सहा वर्सं झाली, हरिबा. पाटीवर तुजं नाव लागंल. नियम आपल्या बाजूचा हाय."

हरिबानं व्हरांड्याकडं बघितलं. पाटीवरची ती सोनेरी अक्षरं त्याला वाचता आली नसती, पण कुठं लागतील ती जागा त्यानं आठवडाभरात दहादा बघून ठेवली होती.

"सरकार, त्यांनी इचारलं तवा खोटं सांगता आलं आसतं. माज्या त्वांडातनं निघालं न्हाई. आन् आता खरं सांगितलं म्हनून ढाल घेऊ?"

तो वाकला, आणि होलच्या काठावरचा आपला चेंडू त्यानं उचलून खिशात टाकला. चेंडू उचलला म्हणजे होल सोडला.

लालासाहेब फेटा बगलेत मारून एकटेच तरातरा क्लबाकडं चालू लागले. चहाला ते हरिबाशी बोलले नाहीत. वकिलांनी ढाल घेतली खरी, पण ती हातात धरून फोटो काढायला ते तयार होईनात.

घरी जाताना बनुबाईनं विचारलं, "म्हंजी हरलासा व्हय?"

"हरलो."

"मग हासताय कशापायी?"

"अगं, आठ होल बरोबरीत व्हतो! वकीलसायेबासंगट! पाचव्याला चेंडू कसा गेला, बघितलास का? वड्यावरनं, पाखरागत!" त्यानं भर रस्त्यात हात उंच करून दाखवलं. उसाची गाडी हाकणारा एक म्हातारा थांबून बघू लागला. बनुबाईनं पदर तोंडाला लावला, पण ती थांबली आणि तो सगळा फटका तिनं पुन्हा पहिल्यापासून ऐकून घेतला.

रविवारी सकाळी मैदानात कुणी नव्हतं. एकाच जागी पाय पडून गवत मरू नये, म्हणून सामन्यानंतर होलची जागा बदलावी लागते. हरिबा नवव्या हिरवळीवर गेला. पोलादी नळकांडं त्यानं दहा पावलांवर रोवलं, पिळलं, आणि मातीसकट गवताचा गोल गड्डा उपसून काढला. तो दोन्ही हातांत धरून कालच्या होलपाशी आणला आणि आत नीट बसवला. कडेच्या फटीत चिमटीनं बारीक माती भरली. मग गुडघ्यांवर बसून, तळहातानं दाबत दाबत, नवं गवत जुन्या गवताच्या पातळीला येईपर्यंत तो तिथंच राहिला.