लागलं

“लागलं,” चारुलता म्हणाली.

“कुठं लागलं?”

“कपाटाला. उजव्या हाताला लागलं.”

शशिकलाबाई डोळे मिटून ऐकत होत्या. एग्मोरच्या कोर्टात त्यांना झोपाळू वकीलबाई म्हणत, आणि हे त्यांना ठाऊक होतं. पण डोळे मिटले की त्यांना समोरच्या बाईचं घर दिसू लागे. नुंगंबाक्कमच्या त्यांच्या ऑफिसात पंखा फिरत होता, खाली शिंप्याचं मशीन चालू होतं, आणि बाई मात्र चारुलताच्या स्वयंपाकघरात उभ्या होत्या.

“कपाट दाराच्या कुठल्या बाजूला?”

“डावीकडं.”

“मग उजव्या हाताला कसं लागलं गे?”

चारुलतानं उजवा हात पदराखाली घेतला. साताऱ्याची मुलगी, लग्न होऊन चेन्नईला आली त्याला चार वर्षं झाली होती. नवरा मोटारींच्या कारखान्यात इंजिनियर. आठ दिवसांपूर्वी त्यानं तिला बाहेर काढलं आणि दार लावून घेतलं. तीन वर्षांची मुलगी आत राहिली. घरातल्या बाईला घरात राहू देणारा नवा कायदा येऊन वर्षही झालं नव्हतं. उद्या सुनावणी होती.

“दादल्यानं मारलं?”

चारुलताला इतक्या दिवसांत पहिल्यांदा हसू आलं. “दादला आमच्याकडं फक्त भारुडात म्हणतात.”

“आमच्या तंजावरात घरात म्हणतात. तीनशे वर्षं झाली, शब्द बदला करून कुणी सांगितलंच नाही.” बाईही हसल्या. “ऐक गे. लागलं, पडलं, भाजलं. यात करणारा कुणीच नाही. कोर्टाला करणारा लागतो.”

“आईला फोनवर सांगितलं होतं,” चारुलता हळूच म्हणाली. “ती म्हणाली, हळद लाव.”

शशिकलाबाईंनी डोळे उघडले.

त्यांच्या थोरल्या बहिणीची, तुळसीअक्काची पत्रं कुंभकोणमहून येत. हाताला लागलं, काळजी नसावी. पायरीवर लागलं, काळजी नसावी. सतरा वर्षांची शशिकला दर वेळी उलट टपाली कार्डावर लिही, हळद लाव. शेवटचं पत्र अक्काच्या दिरानं लिहिलं होतं. तुळसीस भाजलं, एवढंच. पुढं शशिकला वकील झाली. पण ‘हळद लाव’ या दोन शब्दांची लाज तिला कायम वाटत आली.

दुसऱ्या दिवशी मॅजिस्ट्रेटबाईंनी अर्ज वाचला, चष्मा काढला आणि चारुलतालाच तमिळमध्ये विचारलं, “एन्न आच्चु?” काय झालं?

“अडि पट्टुच्चु,” चारुलता म्हणाली.

लागलं. चार वर्षांत शेजारणींकडून तमिळ शिकली, तर नेमका हाच शब्द शिकली होती. तमिळमध्येही त्याला करणारा नव्हता. मॅजिस्ट्रेटबाईंनी पेन खाली ठेवलं. पलीकडच्या वकिलाच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. प्रश्न चारुलताला होता, शशिकलाबाईंना मध्ये बोलायची मुभा नव्हती. त्यांनी डोळे मिटले. आता हात जोडायचेच बाकी होते.

पंखा चालू होता. कुणीतरी खोकलं.

“अवर,” चारुलता म्हणाली आणि थांबली. मग तिनं उजवा हात वर केला, स्वतःच त्याच्याकडं पाहिलं. “अवर अडिच्चार.”

त्यांनी मारलं. मारणाऱ्यालाही आदरार्थी बहुवचन! पण करणारा आला होता. मॅजिस्ट्रेटबाईंनी पेन उचललं.

दुपारी हुकूम हातात आला. घरात राहण्याचा, आणि मुलीला तिच्याकडं देण्याचा. चारुलता बाईंच्या पाया पडायला वाकली, तर बाईंनी तिचा दुखरा हात अलगद धरला. “पाया नंतर पड. लेकरू वाट बघतंय.” महिला पोलिसाबरोबर ती जवळजवळ धावतच फाटकाबाहेर गेली.

शशिकलाबाई व्हरांड्यातल्या बाकावर बसल्या. डोळे आपोआप मिटले. कुंभकोणमचं घर दिसू लागलं, मागचं दार, दारात हात मांडीवर घेऊन बसलेली अक्का. सतरा वर्षांची शशिकला हळदीची वाटी घेऊन आली. तिनं वाटी खाली ठेवली आणि अक्काशेजारी बसली.

“कुणी मारलं गे, अक्का?”

शिपायानं पुढच्या खटल्याचं नाव पुकारलं. बाईंचंच होतं. त्यानं दुसऱ्यांदा पुकारलं, तरी बाई उठल्या नाहीत. झोपल्या असतील, म्हणून लोक हसले.