साडेआठ तासांचं माप

मी शिंप्याच्या गळ्यातली टेप बोलतेय. अंगानं पिवळी, उंचीनं साठ इंच. अख्ख्या बाजाराच्या पोटांचे घेर मला तोंडपाठ आहेत. कोण श्वास आत ओढून माप देतं, तेही ठाऊक आहे. पण चहाडी करायचीच तर आमच्या मास्तरांची करते.

मास्तरांची लेक परदेशात असते. या, या म्हणून तिनं घसा कोरडा केला, पण मास्तरांचं आपलं एकच, फार लांब आहे. एकदा तर नकाशावर दोन्ही विमानतळांमध्ये मला ताणून त्यांनी पुरावाच काढला. साडेअकरा इंच! लेक म्हणाली, अंतर सहा हजार सातशे किलोमीटर असलं तरी विमानाला साडेआठ तासच लागतात. तेवढ्यात माझे तीन सदरे होतात, असं यांचं उत्तर. खरं कारण मला माहीत होतं. दुकानावरून विमान गेलं की मास्तर मला घट्ट धरायचे. गडी विमानाला टरकून होता.

नात झाली तरी गेले नाहीत. फोनवर माप विचारून फ्रॉक शिवला आणि धाडून दिला. पार्सल चार महिने कुठं हुंदडत होतं, देव जाणे. मग लेकीनं फोटो पाठवला. फ्रॉक पोटावर तटतटलेला, पाठीवरची बटणं आणि काजं यांचा अबोला.

तीस वर्षांत मास्तरांचा एक कपडा परत आला नव्हता. त्यांचं तोंड एवढंसं झालं. बायको म्हणाली, "शिवण नाही चुकली हो. पोर वाढली, आणि तुम्ही इथंच बसलात."

दुपारभर मशीन बंद होतं. मग त्यांनी लेकीला फोन लावला.

"साडेआठ तासांत पोर किती वाढते गं?"

"काहीच नाही, बाबा."

"मग मीच येतो माप घ्यायला."

विमानात मास्तरांनी मला मुठीत इतकं आवळलं की माझे चार आकडे घामानं पुसट झाले. शेजारी बायको खुशाल घोरत होती. हवाईसुंदरीनं काय हवंय विचारलं, तर म्हणाले, "जमीन."

दारात नात उभी होती. अनोळखी म्हातारा बघून भोकाड पसरणार, एवढ्यात तिला मी दिसले. माझं टोक धरून तिनं असा हिसका दिला की मास्तर थेट गुडघ्यांवर आले. मग माप सुरू झालं. छाती साडेवीस.

एक माप दुसऱ्यांदा घेणं मास्तरांना कमीपणाचं वाटतं. त्या दिवशी त्यांनी छाती सहा वेळा मोजली. सहाही वेळा साडेवीसच भरली. लेकीनं झालं का विचारलं, तर म्हणाले, नीट येत नाहीये, थांब जरा. मला हसू आवरत नव्हतं आणि त्यांना डोळे.

हल्ली मी नातीच्या खेळण्यांच्या टोपलीत असते. परत निघताना मास्तर मला विसरले म्हणे. एक टाचणीसुद्धा न विसरणारा माणूस! विसरण्याआधी त्यांनी मला नीट गुंडाळून टोपलीच्या तळाशी ठेवलं, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. तुम्हीही सांगू नका, आणि मला परत धाडायची घाई तर मुळीच करू नका. लेकीनं फोन केला तेव्हा ते म्हणाले, "असू दे तिथंच. मी येऊन नेतो."