उस्तादाचा हात

भिंगारच्या पलीकडच्या त्या ठाण्यात कानिफनाथ हवालदारांच्या पिस्तुलाला नऊ वर्षं तोड नव्हती. जिल्ह्याच्या नेमबाजी स्पर्धेला ठाण्यातून एकच माणूस जायचा, आणि तो कोण हे विचारायची कोणावर वेळच येत नसे. मग बेलापूरची ज्ञानेश्वरी शिपाई म्हणून बदलून आली. वार्षिक सरावात तिने दहा सेकंदांत पाच गोळ्या अशा मारल्या, की पाचही भोकं आमटीच्या वाटीखाली झाकली जावीत. हवालदारांच्या पाचांना ताटली लागली.

"लागतं नशिबानं एखाद्येळी," ते म्हणाले. दुसऱ्या फेरीतही तेच झालं. तेव्हा म्हणाले, "वारा पडला हुता."

त्या दिवसापासून त्यांच्या पोटात जे पेटलं, त्याला ते ॲसिडिटी म्हणत. बायको केशरबाई बिचारी रोज जिऱ्याचं पाणी देई.

वर साहेबांनी फर्मावलं, "हवालदार, पंधरा दिवस पोरीला तयार करा. मग दोघांची चाचणी. सरस ठरेल तो स्पर्धेला."

हवालदारांनी छाती पुढे काढून होकार दिला आणि शिकवायला घेतलं. सगळं उलटं.

त्यांना काय ठाऊक नव्हतं? अंगठ्याचं बेचकं पिस्तुलाच्या पाठीला पार वर भिडवायचं. उजवा हात सैल, आवळायचं ते डाव्यानं. हलेल ते एकटं बोट. चाप सरळ मागे, लोण्यातून सुरी जावी तसा. बार झाला की बोट चापावरून उचलायचं नाही, चाप पुन्हा अडकेल तेवढंच सोडायचं. वेग येतो तो तिथून.

तोंडाने मात्र ते सांगत, "उजव्यानं आवळ. उसाचं टिपरू धरल्यागत. डावा नुसता खाली, कपाखाली बशी असती तसा. आन् चाप दाबायचा न्हाई, खेचायचा. खस्सकन!"

"व्हय दादा," ज्ञानेश्वरी म्हणे.

त्या ठाण्याची चाल अशी, की उस्तादाने आधी वीसदा करून दाखवायचं, मग शिकणाऱ्याने पाचदा. मॅगझीन काढून, पिस्तूल रिकामं आहे याची दोनदा खात्री करून हवालदार रोज वीसदा दाखवत. खोटं शिकवायचं तर ते खरं दिसायला हवं. त्यामुळे सव्वीस वर्षांच्या नोकरीत कधी न दाखवलेल्या निष्ठेने ते आवळत आणि खेचत. तिच्या पिस्तुलाचं नाक दर खेपेला खाली झुके, तसं त्यांचं पोट थंड होई. एकदा तर त्यांनी तिला चहा पाजला.

चाचणीच्या दिवशी आधी ज्ञानेश्वरी उभी राहिली. पाच गोळ्या, दहा सेकंद, वाटी.

हवालदारांनी पिस्तूल उचललं. उजवा हात आपोआप आवळला गेला. डावा खाली सरकून बशी झाला. त्यांना ते कळलं, अगदी स्पष्ट कळलं. पण शिट्टी वाजली होती आणि बोट उस्तादाचं ऐकत होतं. खस्सकन! पाचही गोळ्या डावीकडे खाली. एक तर लाकडी चौकटीत.

"हवालदार, कागद वर लावलाय," साहेब म्हणाले.

सगळे पांगल्यावर त्यांनी तिला गाठलं. "मी शिकवलं तसं का न्हाई मारलं?"

"दादा, मागच्या साली स्पर्धेत गोळ्यांच्या रिकाम्या केसा वेचायची ड्यूटी हुती माझी, तुमच्या मागंच. तवाच तुमचा हात बघून शिकले. हितं तुमी उलटं सांगाया लागला. मला वाटलं, परीक्षा बघताय. मग तुमच्यासमोर तुमी सांगाल तसं, आन् खोलीवर कंगवा धरून तुमी करता तसं."

हवालदारांना आता जळायचं कोणावर हेच कळेना. मागच्या सालच्या कानिफनाथावर जळावं, तर तोही आपलाच माणूस निघाला.

तेवढ्यात साहेब आले. "अभिनंदन, उस्ताद! पोरगी तयार केलीत."

"तयार कसली साहेब. डावा हात अजून ढिला हाय तिचा."

तो ढिला नव्हता. ज्ञानेश्वरीने मात्र घाबरून दोन्ही हात पुढे धरले. "किती ढिला, दादा? एकदा करून दाखवा की."

कानिफनाथ हवालदारांनी दोन्ही हात खिशात घातले.