वरच्या शेताचं पाणी

विहिरीने दगा दिला ही गोष्ट ताईने बरेच दिवस कोणाला कळू दिली नाही. नवऱ्याला कळली ती वांगी माना टाकायला लागली तेव्हा. धाकट्या भावाला तर तिने ताकास तूर लागू दिली नाही. कारणही तसंच होतं. दोघांची शेतं एकाच उतारावर, मधे फक्त एक बांध. वर त्याचं, खाली हिचं. वाटणीत वरचं सपाट शेत धाकट्याला गेलं म्हणून ताई तेव्हा रुसली होती, आणि पुढे वर्षानुवर्षं त्याला ऐकवत आली होती, की तुझं शेत सपाट असेल, पण माझ्या विहिरीला आटणं माहीत नाही.

धाकट्याकडे विहीर नव्हतीच. तो तळ्यावरून पंपाने पाणी आणायचा, आणि तेही किती उपसायचं ते ठरलेलं. हे पाणी तो सऱ्यांमधून मोकळं सोडायचा. गेल्या वर्षी मात्र त्याने ठिबक बसवलं. झाडांच्या बुंध्याशी काळ्या नळ्या अंथरल्या. निम्म्या पाण्यात तेवढेच टोमॅटो, विजेचं बिलही निम्मं. हे तो भेटेल त्याला सांगायचा. न्हाव्याला सांगून झालं, टपालवाल्याला सांगून झालं, दाताच्या डॉक्टरसमोर तोंड उघडलं तेही आधी हे सांगायला. वाचलेल्या पाण्यावर पडीक तुकड्यात लिंबं लावायची म्हणून त्याने खड्डेही खणून ठेवले होते. ताईला म्हणाला, तूही ठिबक बसव. ताई म्हणाली, ज्यांच्याकडे पाणी नसतं त्यांनी थेंब मोजावेत.

आता असं बोलून बसलेल्या बाईने विहीर आटली हे कोणत्या तोंडाने सांगायचं?

विहीर खोल करणाऱ्याने खर्चाचा आकडा सांगितला, तो ऐकून नवरा खुर्चीत बसला तो उठेचना. शिवाय खाली पाणी लागेलच, एवढंही तो माणूस छातीठोकपणे सांगेना. मग वीटभट्टीवाल्याला निरोप गेला. त्याला शेत नको होतं, माती हवी होती. तो ती कापून नेणार आणि मागे खड्डा ठेवणार. नवरा म्हणाला, तू म्हणशील तसं. हे तो लग्न झाल्यापासून म्हणत आला होता आणि ताईला त्याचा राग येत आला होता. तिने भट्टीवाल्याला होकार कळवला. त्या दिवसापासून तिला शहरातलं मुलाचं घर डोळ्यांसमोर दिसायला लागलं. आता तिथे राहायला जाणार, आपण सुनेला विचारून डबे उघडणार. सून स्वभावाने चांगली होती, तीच तर पंचाईत होती. रुसून निघून यायलाही कारण मिळालं नसतं.

भट्टीवाला विसार घेऊन यायचा होता त्याच्या आदल्या दिवशी सकाळी ताई विहिरीवर गेली. मोटर काढून घ्यायची होती. मातीबरोबर मोटरही फुकट द्यायला ती काही इतकी उदार नव्हती. तिने आत डोकावलं आणि कठडा घट्ट धरला. खालच्या कोरड्या पडलेल्या पायऱ्या दिसत नव्हत्या. त्यांच्यावर पाणी होतं.

पावसाचा तर पत्ता नव्हता. ताई भिंतीला धरून पायऱ्या उतरली. तीन बाजूंचे दगड कोरडे खडखडीत होते. चौथ्या बाजूला, वरच्या शेताकडच्या भिंतीतून, सांध्यासांध्यांतून पाणी झिरपत होतं. तिने तळवा टेकवला. दगड गार होता, ओला होता. वरून धाकट्याचा आवाज येत होता. तो कोणाला तरी शिव्या देत होता.

ताई बांध चढून गेली. धाकटा गुडघाभर चिखलात फावडं घेऊन उभा. ठिबकाची गाळणी शेवाळाने तुंबून तडकली होती, नवी काही येत नव्हती, म्हणून गेले काही दिवस तो जुन्या पद्धतीने सऱ्यांत पाणी सोडत होता. शिव्या गाळणीवाल्याला होत्या.

"बघ," तो वैतागून म्हणाला, "निम्मं पाणी वाया जातंय. कुठे जातं कोण जाणे."

"मला माहीत आहे," ताई म्हणाली. "चल, दाखवते."

विहीर आटली होती हे ताईने त्याला वाटेतच सांगितलं. त्याने विहिरीत उतरून भिंतीला हात लावला. मग ओला तळवा उलटसुलट करून बघितला. इतक्या वर्षांची परतफेड करायला याहून चांगली संधी त्याला मिळाली नसती, आणि ताई त्याचे टोमणे मुकाट ऐकून घ्यायला तयार होती. त्याने पाणी वाचवलं होतं हे खरं, पण वाचवलं होतं ते तिच्या विहिरीत येणारं, आणि तेच आता लिंबांना द्यायला निघाला होता. यात दोघांनाही मिरवण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग तिने भट्टीवाल्याचंही सांगून टाकलं.

धाकट्याचा चेहरा उतरला. "शेत विकायला निघालीस, आणि मला सांगितलं नाहीस?"

"तू म्हणाला असतास, ठिबक बसव."

"म्हणालोच असतो. पण आधी पाणी दिलं असतं."

ताईच्या डोळ्यांना धार लागली. मग तिथेच पायरीवर बसून दोघांनी ठरवलं. लिंबं राहू देत. त्याच्या पंपावरून बांधाखालून एक पाईप आणायचा. खालीही ठिबक बसवलं, की लिंबांच्या वाट्याचं पाणी वांग्यांना पुरतं. विजेचं बिल ज्याच्या त्याच्या पाण्याप्रमाणे. नळ्यांचा खर्च विहीर खोल करण्याच्या मानाने काहीच नव्हता. ताईचा जीव भांड्यात पडला, आणि लगेच ती पाईप कोणत्या बाजूने आणायचा यावरून धाकट्याशी भांडायला लागली.

दुपारी तिने भट्टीवाल्याला फोन करून शेत द्यायचं नाही म्हणून सांगितलं. तो भाव वाढवू लागला. ताईने त्याला अडवलं नाही. तिच्या मातीचं इतकं कौतुक आजवर कोणी केलं नव्हतं. शेवटी तिने पुन्हा नाही म्हटलं आणि फोन ठेवला.

नवरा दारात उभा राहून ऐकत होता. कुठवर चढला, त्याने विचारलं. ताईने आकडा सांगितला आणि आता हा हळहळणार म्हणून वाट बघत राहिली.

तो खुर्चीत बसला. चष्मा काढून डोळे पुसायला लागला.

"मलाही जायचं नव्हतं गं," तो म्हणाला.